एक हजार सोळावा भोंगा

१

चिंचमळीचा भोंगा वाजला नाही म्हणून ज्ञानू खोत बुडाला. याबद्दल गावात दुमत नव्हतं. भोंगा का वाजला नाही आणि ते पाप कुणाच्या माथी जायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

शिरोळ तालुक्यातलं हे गाव कृष्णेला अगदी खेटून आहे. त्याला पूर नवा नव्हता, भोंगा नवा होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या ‘पाणरेषा’ या कंपनीनं गेल्या सप्टेंबरात नदीकाठच्या गावांतून खांबांवर पेट्या बसवल्या. पाणी खुणेच्या वर गेलं की प्रत्येक पेटी कंपनीतल्या सर्व्हरशी लाईन जोडायची, तिकडून हुकूम यायचा आणि भोंगा कोकलायचा. यंदा जूनमध्ये पाणी चढलं तेव्हा तो वेळेवर वाजला. लोकांनी सामान हलवलं, मोटरी काढल्या, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. गावाचा विश्वास बसला तो तिथं.

अठ्ठावीस जुलैला दुपारी ज्ञानू नदीकाठची पाण्याची मोटर काढायला निघाला. पाणी वाढतंय, जाऊ नका, असं त्याची बायको चिमणाबाई म्हणाली. “अजून भोंगा कुटं वाजलाय?” असं म्हणून तो गेला. तिसऱ्या दिवशी तो कुरुंदवाडच्या अलीकडं सापडला.

कंपनीनं जाहीर केलं, की त्या दुपारी अकराशे ऐंशी पेट्यांनी सर्व्हरला हाक मारली. एक हजार पंधरा पेट्यांची लाईन लागली. एक हजार सोळावी पेटी चिंचमळीची होती. तिला आणि तिच्यामागच्या सगळ्यांना सर्व्हरनं दारातूनच परत पाठवलं. बाकीची गावं उंचावर, म्हणून निभावली. आणि कंपनीच्या कपाटात गेल्या सप्टेंबरचा एक चाचणी अहवाल निघाला: ‘दोन हजार लाईनी एकदम जोडून पाहिल्या. सर्व लागल्या.’ खाली एकच सही होती, श्रुती कुरणे.

ग्रामसभेत गदारोळ झाला. खोटी चाचणी लिहिणाऱ्या पोरीवर सोमवारी पोलिसांत तक्रार द्यायची, असं ठरत आलं. तेव्हा चिमणाबाई उठली. “आदी त्या टेलिफोनच्या बाईस्नी इचारा,” एवढंच ती म्हणाली.

टेलिफोनची बाई म्हणजे निशिगंधा सरनोबत. कुरुंदवाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं अठ्ठावीस वर्षं काढली. एका महापुरात गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं लाईनी चालू ठेवल्या होत्या, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. वय बासष्ट, बोलणं रोखठोक, आणि माणूस खोटं बोलतोय असं वाटलं की चष्मा काढून पुसायची सवय. कंपनीलाही ती चालण्यासारखी होती. हातात चार दिवस होते.

गुरुवारी सकाळी ती कागलला पोचली. स्वागतकक्षात मालकांच्या वडिलांची तसबीर होती आणि शेजारी झेंडूच्या माळांनी मढवलेल्या यंत्रांसमोर सगळ्या कामगारांचा एक मोठा फोटो. तळमजल्यावर लेथ आणि ड्रिलिंगची यंत्रं खडखडत होती. मालक विजयसिंह घोरपडे यांचा मूळ धंदा तोच. भोंग्याचं खातं वरच्या मजल्यावर होतं आणि त्याचा प्रमुख होता त्यांचा पुतण्या धैर्यशील.

“बाई, मी तोंडानं काही सांगत नाही,” धैर्यशील म्हणाला. “तुमच्यासमोर तीच चाचणी घेतो. तिचाच प्रोग्रॅम, तेच मशीन.”

पडद्यावर आकडा चढू लागला. पाचशे. आठशे. एक हजार. एक हजार पंधरावर तो थांबला आणि खाली लाल अक्षरांत ओळ आली: उघड्या फायली फार झाल्या.

“दोन हजार कधी लागल्याच नाहीत,” धैर्यशील म्हणाला. “पोरगीनं घरबसल्या लिहिलं.”

निशिगंधानं चष्मा काढला नाही. हा माणूस खोटं बोलत नव्हता. तिला तेच खटकलं.

२

श्रुती कोल्हापुरात आईबरोबर दोन खोल्यांत राहत होती. वय सत्तावीस. आठ दिवसांत तिचा चेहरा उतरून गेला होता. आई चहा ठेवून आत गेली आणि आतून कान देऊन बसली.

“दोन हजार लाईनी लागलत्या का?” निशिगंधानं थेट विचारलं.

“लागलत्या. माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.”

“आज माझ्यापुढं एक हजार पंधरावर अडलं.”

“तोच आकडा मला झोपू देत नाही.” श्रुती पुढं सरकली. “मॅडम, सर्व्हर जे काही उघडं ठेवतो ते सगळं एकाच मापात मोजतो. फाईल असो नाहीतर लाईन, त्याच्या लेखी दोन्ही सारखंच. म्हणून लाईनी भरल्या तरी तो ‘फायली फार झाल्या’ म्हणतो. एका प्रोग्रॅमला किती उघडं ठेवता येईल याची मूळची मर्यादा असते एक हजार चोवीस. त्यातल्या नऊ आमच्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कामाला लागतात.”

“उरल्या एक हजार पंधरा.”

“म्हणजे ते मशीन मूळच्या मर्यादेवर चाललंय. आणि मी ती मर्यादा पाच हजारावर नेली होती. चाचणीच्या आधी, हातानं.”

एक्स्चेंजमध्येही असंच असायचं, निशिगंधाला आठवलं. रस्त्यावर तारा कितीही ओढा, आत जोडणीच्या जागा असतील तेवढेच लोक बोलणार.

“हातानं म्हंजे?”

श्रुतीनं खाली बघितलं. “म्हणजे तेवढ्यापुरतं. मशीन चालू आहे तोवर ते टिकतं. बंद करून पुन्हा चालू केलं की गेलं, परत एक हजार चोवीस. कायमचं करायचं तर मशीन उठताना जी फाईल वाचतं तिच्यात लिहावं लागतं. त्याचा पासवर्ड धैर्यशीलसरांकडं. मी दोनदा मागितला. नंतर बघू म्हणाले. मग नव्या पेट्यांचं काम आलं आणि...” ती थांबली. “मी पण पुन्हा मागितला नाही.”

“मग मशीन कवातरी बंद झालं असणार.”

“तेच तर! पण सगळे म्हणतात, एक मिनिटसुद्धा बंद नव्हतं. बॅटरी आहे, जनरेटर आहे. पुराच्या दिवशी सरांनी बंद करून चालू केलं, पण तेव्हा आधीच अडलेलं होतं. मशीनच्या जुन्या नोंदी सहा महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात.” ती एकदम उठली. “मॅडम, मी कागदावर पण लिहून ठेवलं होतं! तिथं प्रत्येक यंत्राला एक वही टांगलेली असते. केरबामामांची पद्धत आहे ती. सर्व्हरच्या वहीत मी लिहिलंय, हे बंद करू नका म्हणून, आणि पासवर्ड मागितलाय म्हणूनही. पान चौदा. ते बघा.”

३

केरबा सुतार या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होता. यंत्रांची देखभाल त्याची, चालू-बंद त्याचं, वह्याही त्याच्याच. कोऱ्या कागदांचे ताव आणून, दुमडून, मेणाच्या दोऱ्यानं शिवून तो त्या स्वतः बनवायचा आणि पानापानावर शिक्क्यानं आकडा मारायचा. यंत्र बिघडलं, थांबलं, तेलपाणी झालं, की वहीत नोंद. वरच्या मजल्यावर सर्व्हर आला तेव्हा त्यालाही त्यानं वही टांगली. तरुण पोरं हसली होती.

निशिगंधानं वही उघडली. तेरानंतर पंधरा होतं.

मधे दोऱ्यालगत बोटभर रुंदीची कागदाची पट्टी शिल्लक होती. तिची कड सरळ होती, आखल्यासारखी.

“पान कुणी काढलं, केरबा?”

“म्हाईत न्हाय, बाईसाब.” केरबा हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिला. बोटं कोरडीच होती.

“ह्यात मशीन बंद झाल्याची नोंद न्हाय.”

“बिगाड झालाच न्हाय, तर नोंद कशाची?”

मग तिनं धैर्यशीलला गाठलं. पासवर्ड मागितला होता का? “कधीच नाही,” तो म्हणाला, आणि निशिगंधानं चष्मा काढून पदरानं पुसला. मशीन बंद झालं होतं का? “पुराच्या आधी? नाही बाई. बॅटरीवाल्याचा कागद दाखवतो, वर्षभर वीज एकदाही तुटलेली नाही.” चष्मा नाकावरच राहिला.

विजयसिंहांनी तिला आपल्या खोलीत बसवलं. चार दिवसांत त्यांची दाढी वाढली होती.

“त्या गावातली माणसं रोज फोन करत्यात,” ते म्हणाले. “मी काय सांगू? पोरगी चांगली हाय, पण सही तिची हाय की! मशीन कवा बंद पडलं न्हाय. मी शपथेवर सांगतो.”

तेही खरं बोलत होते. तीन माणसं, तिघंही म्हणतात बंद नव्हतं, आणि तिघंही खरं बोलतात. तसं असेल तर श्रुती खोटी ठरते. पण खोटं लिहिणाऱ्या मुलीच्या वहीचं पान कुणी कशाला काढेल?

शुक्रवार, शनिवार असेच गेले. रविवारी सकाळी निशिगंधा पुन्हा कागलला आली, खरं म्हणजे हात टेकले असं सांगायला. स्वागतकक्षात साहेबांची वाट बघत ती बसली. समोर तोच मोठा फोटो होता. या वेळी तिनं माणसं मोजली. बेचाळीस.

तिनं श्रुतीला फोन लावला. “तुमच्या कंपनीत माणसं किती?”

“त्रेचाळीस. का?”

“ह्या फोटोत तू न्हाईस. फुलांच्या माळा घातल्यात यंत्रांना.”

“तो खंडेनवमीचा आहे, मॅडम. मी त्या दिवशी इथं नव्हतेच. दर वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला जातो, दीक्षाभूमीला. नवमीलाच गाडी धरलेली. परत आले तोवर चार दिवस झाले होते.”

निशिगंधा फोन हातात तसाच धरून फोटोच्या अगदी जवळ गेली. डाव्या कोपऱ्यात, लेथच्या मागं, वरच्या मजल्यावरून मुद्दाम खाली आणून ठेवलेलं सर्व्हरचं काळं कपाट होतं. त्याला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ होती, पुढं नारळ होता. गुरुवारी धैर्यशीलच्या खोलीत याच कपाटावर पन्नासेक हिरवे दिवे लुकलुकताना तिनं पाहिले होते.

फोटोत एकही दिवा लागलेला नव्हता.

४

तासाभरात तिनं सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बसवलं. श्रुतीलाही बोलावून घेतलं. ती दाराजवळच्या खुर्चीवर, कुणाकडं न बघता बसली. केरबा उभाच राहिला.

“साहेब, नवमीला तुमची यंत्रं चालतात का?”

“छ्या! आमच्या आज्ज्यापासनं रीत हाय. नवमीला एक पातं फिरत न्हाय. धुऊन पुसून पूजा, आणि दसऱ्याला सकाळी नारळ फोडून चालू.”

“आणि सर्व्हर?”

विजयसिंहांनी धैर्यशीलकडं बघितलं.

“मी गुरुवारी विचारलं, बंद झालतं का. तुम्ही म्हणालात, कवाच न्हाय.”

“बाई, त्ये बंद न्हवं,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्ये पूजेचं.”

ते मनापासून बोलत होते. या कारखान्यात बंद पडणं म्हणजे बिघाड, खोळंबा, नुकसान. नवमीला यंत्र विसावा घेतं आणि त्याला बंद म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणून वहीत नोंद नाही, म्हणून बॅटरीच्या कागदावर वीज अखंड दिसते, म्हणून तिघांनी तसं सांगितलं. विचारणारीला जे हवं होतं ते त्यांच्या बंद या शब्दात कधी बसलंच नव्हतं.

“चाचणी खरी होती,” निशिगंधा म्हणाली. “सप्टेंबरात दोन हजार लाईनी लागल्या. ऑक्टोबरात नवमीला मशीन बंद झालं, दसऱ्याला चालू झालं, आणि तिनं हातानं वाढवलेली मर्यादा पुसून गेली. जूनमध्ये पेट्या सातशेच होत्या, म्हणून कुणाला कळलं न्हाय. जुलैत नव्या पेट्या जोडल्या आणि आकडा हजाराच्या वर गेला. कायमचं लिहायला पासवर्ड पायजे होता. तो मागितलाच न्हाय, असं धैर्यशील म्हणतात.”

“नाहीच मागितला,” धैर्यशील म्हणाला.

“त्याचा निकाल त्या चौदाव्या पानावर हाय.” तिनं वही टेबलावर ठेवली. “शिवलेल्या वहीचं एक पान ओढून फाडलं तर दोऱ्यापलीकडचं त्याचं जोडपान सुटून हातात येतं. हे ज्यानं काढलं त्यानं बोटभर कागद मागं ठेवला, वही उसवू नये म्हणून. आणि कड बघा. स्टीलची पट्टी लावून कापलेली. चोरी करतानासुद्धा ज्याला वाकडं कापवलं न्हाय आणि आपली वही मोडवली न्हाय, असा माणूस ह्या इमारतीत एकच हाय.”

कुणीच केरबाकडं बघितलं नाही. त्यानंच खिशातलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्यामागं घडी करून ठेवलेला कागद टेबलावर पसरला.

‘केरबामामा, हे मशीन बंद करू नका. करावंच लागलं तर आधी मला सांगा, चालू करताना एक काम करावं लागतं. धैर्यशीलसरांकडं दोनदा पासवर्ड मागितलाय, तो मिळाला की कायमचं करून टाकते. श्रुती.’

धैर्यशीलची मान खाली गेली.

“वाचलं हुतं मी,” केरबा म्हणाला. “पन नवमीला ध्यानातच आलं न्हाय. बटन माज्या हातानं दाबलं. पुरानंतर वही उगडली आन् डोळ्यापुढं अंधारी आली. पोरीवर आळ आला तवा बोलाया पायजे हुतं. रोज सकाळी ठरवून यायचो, बाईसाब. जीभच उचलंना.” त्यानं कागदावर बोट ठेवलं. “जाळायचं म्हनलं तर त्येबी जमलं न्हाय.”

निशिगंधाला त्याची कीव आली आणि रागही आला. इतके दिवस एक निरपराध मुलगी घराबाहेर पडली नव्हती.

विजयसिंहांनी तो कागद घडी करून वहीत ठेवला. मग खाकरून म्हणाले, “झालं तर मग. केरबाचं नाव घाला. त्याची दोन वर्षं उरल्यात, मी सांभाळून घेईन त्याला. पोरगी सुटली.”

“न्हाय साहेब. रीत तुमची, पासवर्ड ह्यांचा, बटन केरबाचं. तिन्ही लिहिणार.”

“चार लिहा,” दाराजवळून आवाज आला.

श्रुती उभी राहिली होती. “चालू मशीनवर मी दोन हजार लाईनी तपासल्या. बंद करून, पुन्हा चालू करून एकदाही तपासलं नाही. आणि खाली ‘यशस्वी’ लिहून सही केली. तेही लिहा.”

“अगं, तू सुटलीस आता,” निशिगंधा म्हणाली. “हे लिहिलं तर पोलीस तुलाही विचारतील.”

“विचारू देत. खोटी म्हणून नकोय मला. चुकले म्हणून चालंल.”

५

सोमवारी चिंचमळीच्या शाळेत ग्रामसभा भरली. भिंतीवर पुराच्या पाण्याची गढूळ रेघ अजून ओली होती. निशिगंधानं अहवाल वाचला, सावकाश, कुणाचंही नाव न गाळता. विजयसिंह आले होते. केरबा आला होता. धैर्यशील आला नव्हता. श्रुती व्हरांड्यात उभी होती. आत बोलावलं तेव्हा दोन-चार जणांनी तोंडं फिरवली.

तक्रार जाणार होतीच. पण ती आता कंपनीवर, चौघांच्या चुका चार वेगळ्या ओळींत मांडून. ‘खोटी चाचणी’ हे शब्द सरपंचांनी स्वतःच्या हातानं खोडले.

चिमणाबाई पुढच्या सतरंजीवर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. आता तिनं श्रुतीकडं बघितलं.

“भोंगा आता वाजंल?”

“वाजंल.”

“बंद करून परत चालू केल्यावरबी?”

निशिगंधानं हातातला अहवाल खाली ठेवला. वर्षभरात एकाही शिकलेल्या माणसाला न सुचलेला प्रश्न ही बाई विचारत होती, आणि तिनं त्याची किंमत आधीच मोजली होती.

“व्हय,” श्रुती म्हणाली. “काल पासवर्ड घेऊन कायमचं लिहिलं, मग पंचवीस वेळा बंद करून चालू केलं. दर वेळी दोन हजार लाईनी जोडून बघितल्या. सगळ्या लागल्या.”

“बंद कुणी केलं?”

“केरबामामांनी.”

केरबानं मान वर केली नाही. चिमणाबाईनं त्याच्याकडं एक नजर टाकली आणि काढून घेतली. त्याला माफ करायला ती आली नव्हती.

“ह्ये आदी इचारायचं कुनालाच सुचलं न्हाय व्हय गं?”

श्रुती दोन पावलं पुढं आली. “मला सुचायला पायजे होतं, मावशी.”

चिमणाबाई तिच्याकडं बघत राहिली. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चिखलातून रेटत गेला. मग तिनं पदर सावरला आणि सतरंजीवर थोडी सरकून आपल्या शेजारी जागा केली.

“बस,” ती म्हणाली.